नील फॅरोचा चेहरा

बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसलेल्या शाळकरी मुलीच्या फोनमधून रॉरी स्टॅगने ग्वेन्डाला हाक मारली. रॉरीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. हाक मात्र जशीच्या तशी, दातांत पेन्सिल धरून ओरडल्यासारखी. "लांबचा घे, ग्वेन्डा! लांबचा! अगं ग्वेन्डा, ऐकतेस ना?" आणि त्याच्यामागे हशा. तीनेकशे पोरापोरींचा, बिअर पोटात गेल्यावर छातीऐवजी बेंबीतून येतो तसला. तो हशा तिने झोपेतही ओळखला असता, पण त्यात आपलं नाव कधी ऐकलं नव्हतं. मांडीवरची कापडी पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. पिशवीत टाचा झिजलेल्या पुरुषी बुटांचा एक जोड होता. बस सिग्नलला थांबली होती आणि खाली फुटपाथवर एक माणूस केळ्यांची खोकी उतरवत होता. त्याला कुणी हाक मारली नव्हती, तो निवांत होता.

"ही ग्वेन्डा कोण गं?" एका मुलीने विचारलं.

"असेल कोणीतरी बटणं दाबणारी. बघ ना, तो बाबा एवढा बोंबलतोय तरी ही ऐकतच नाही. डेंजर बाई."

"आणि हा येडा हसतोय काय? पँट खाली आलीय नि हसतोय!"

"तेच तर! थांब, परत लावते."

तिने परत लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ग्वेन्डाला रॉरीच्या आवाजामागे खुर्ची सरकल्याचा बारीक आवाजही ऐकू आला, आणि तो उठून उभा राहिला होता हे एकतीस वर्षांनी आठवलं. व्हिडिओ जुनाच होता. नवा होता तो हा आवाज. नील फॅरोचा चेहरा गेली पंधरा वर्षं इंटरनेटवर फिरत होता, पण त्यावर फक्त गर्दीचं हसणं असायचं. कंट्रोल रूममधलं आपापसातलं बोलणं वेगळ्या टेपवर जायचं, आणि ती टेप कुणाच्या तरी माळ्यावर पडून असावी. रॉरीच्या बायकोने घर विकायला काढलंय असं तिने उडत उडत ऐकलं होतं. कुठल्यातरी उत्साही माणसाने दोन्ही एकत्र जोडलं. जी गोष्ट त्या खोलीतल्या पाच-सहा जणांनाच ठाऊक होती, आणि ज्यांच्यातलं कुणीही ती बोलायला उत्सुक नव्हतं, ती आता कॅटफर्डच्या बसमध्ये चिप्सच्या पुड्याबरोबर वाटून खाल्ली जात होती. मुली मागे वळल्या असत्या तरी त्यांना रेनकोटातली एक अठ्ठावन्न वर्षांची बाई दिसली असती आणि त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. ग्वेन्डाने तोंड खिडकीकडे फिरवलं. आज गुरुवार होता, आणि गुरुवारी ती नील फॅरोच्या दुकानात जात असे. ती कोण आहे हे नीलला माहीत नव्हतं, तिचं नाव तेवढं माहीत होतं. लंडनमध्ये ग्वेन्डा नावाच्या बायका आता उरल्यात किती? आज ना उद्या कुणीतरी हा फोन त्याच्या गल्ल्यावर ठेवणार. त्याआधी आपल्या तोंडाने सांगायचं, नाहीतर पुढच्या स्टॉपवर उतरून, रस्ता ओलांडून, उलट्या बसने घरी जायचं आणि पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. दोन्हींत ते दुकान तिच्या हातून जाणारच होतं. स्टॉप आला आणि ती उतरली नाही, एवढंच तिने ठरवलं, किंवा तिच्या गुडघ्यांनी.

ती व्हिजन मिक्सर होती. नाव भारदस्त, काम बोटांचं. स्टुडिओच्या वरच्या अंधाऱ्या खोलीत समोर पाच कॅमेऱ्यांचे पाच छोटे पडदे, खाली बटणांची रांग. डायरेक्टर म्हणेल त्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, की तेच चित्र देशभर घराघरांत. चांगल्या बोटांची बाई हुकूम पुरा व्हायच्या आत दाबते आणि डायरेक्टरला वाटतं, आपणच दाबलं. ग्वेन्डाची बोटं तशी होती. आणि या धंद्यातला पहिला धडा असा, की थेट प्रक्षेपणात काही बिघडलं तर लांबचा घ्यायचा. सगळा स्टुडिओ मावेल असा, छतावरच्या दिव्यांसकट. लांबून पाहिलं की माणसाचा ठिपका होतो आणि ठिपक्याची लाज कुणाला दिसत नाही. पाहणाऱ्याला काय झालं ते कळायच्या आत जाहिराती लावता येतात. हा धडा तिला रॉरीनेच, तिच्या डायरेक्टरने, शिकवला होता, ती स्वान्सीहून नुकतीच आलेली असताना, कॅन्टीनच्या टेबलावर मिठाच्या आणि मिऱ्यांच्या डब्या मांडून.

'बॅकसीट' हा रॉरीचा थेट कार्यक्रम दर शुक्रवारी रात्री अकराला लागे, पब बंद झाल्यावर घरी परतणाऱ्या पोरांसाठी. वर्तमानपत्रं त्याच्याविषयी नाकानं कांदे सोलत आणि त्यांचे संपादक दर शुक्रवारी तो न चुकता पाहत. कुणी पाहुणा झिंगून सोफ्यामागे झोपला, कुणी गाणारीने सूत्रसंचालकाच्या अंगावर सूप ओतलं, की सोमवारी एखादा बिशप पत्र लिही आणि पुढच्या शुक्रवारी बघणारे लाखभर वाढत. त्यात एक भाग असायचा, 'अर्धं मिनिट'. कुणीही यावं, तीस सेकंद काय हवं ते करावं, आणि आवडलं नाही तर गर्दीने ओले स्पंज मारावेत. नोव्हेंबर ब्याण्णवमध्ये त्यासाठी ग्रिम्सबीहून नील फॅरो आला. वय एकोणीस, मासे गोठवायच्या कारखान्यात कामाला, रात्रभराच्या बसप्रवासानंतरही शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती, कारण तो शर्ट त्याने स्वच्छतागृहात बदलला होता. स्वतः लिहिलेलं गाणं म्हणणार होता. दुपारच्या तालमीत त्याने प्रत्येक कॅमेऱ्याकडे बघून मान तुकवली आणि "थँक्यू" म्हटलं, कॅमेऱ्यामागच्या माणसाला नाही, कॅमेऱ्याला. वर खोलीत सगळे हसले. ग्वेन्डाही हसली. त्याच्या हातात माईक देताना फ्लोअरवरची मुलगी म्हणाली ते तिच्या हेडफोनमध्ये स्पष्ट आलं होतं. "काही झालं तरी हा खाली टाकू नकोस हं बाळा. फार महाग असतो."

काही झालं तरी. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तो उभा राहिला, पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला पुन्हा लागला, तिसरी बरी गेली. खरंच बरी गेली, हे कुणी सांगत नाही. दोन-तीन स्पंज आले. तेवढ्यात पाहुणा म्हणून आलेल्या एका बँडचा गायक, संध्याकाळपासून पीत असलेला, मागून रांगत आला आणि त्याने नीलची पँट आतल्या कपड्यासकट घोट्यांपर्यंत ओढली. नीलच्या एका हातात माईक होता, दुसऱ्यात गाण्याचा कागद. कागद त्याने पुढे धरला. माईक त्याने सोडला नाही. सोडला असता तर एका हाताने पँट वर घेता आली असती, पण त्याला सांगितलेलं होतं. रॉरी ओरडला, लांबचा. तिचं बोट लांबच्याच बटणावर होतं. आणि तिसऱ्या पडद्यावर तिला त्याचा चेहरा दिसला. कॅमेरामन आधीच जवळ गेलेला, गाण्यासाठी, आणि आता गोंधळून तिथेच थांबलेला. त्या चेहऱ्यावर नील फॅरो हसायचा प्रयत्न करत होता. आपणही यात सामील आहोत, हे सगळं आपल्याला ठाऊकच होतं, असं दाखवायला. ओठ वर जायचे, एक बाजू उतरायची, तो ती पुन्हा वर उचलायचा. ग्वेन्डाने तीन नंबर दाबला. अकरा सेकंद धरला. रॉरीने शेवटी तिच्या खांद्यावरून हात घालून स्वतः बटण दाबलं तेव्हा चेहऱ्यावरचं हसू पुरतं उतरलं होतं आणि तो एका कोपऱ्याकडे बघत होता, जिथे कुणीच नव्हतं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. चेहरा पेपरांत आला, टीशर्टांवर आला, संसदेत कुणी प्रश्न विचारला. ज्यांनी कार्यक्रमाला शिव्या घातल्या त्यांनीही ते चित्र मात्र धाडसी आहे असं लिहिलं. रॉरीचं नाव झालं. काही लोक करून सवरून नामानिराळे राहतात. रॉरीने न करताच नाव घेतलं, आणि त्यातही त्याची लबाडी नव्हती. मी लांबचा मागत होतो असं म्हटलं तर आपली खोली आपल्या हातात नव्हती हे कबूल करावं लागलं असतं. पबमध्ये त्याने तिला एक मोठी जिन पाजली आणि ग्लासकडे बघत म्हणाला, "तुला मी उद्या हाकलायला हवं, पोरी." हाकललं नाही. उलट धंद्यात कुजबुज फिरली, ग्वेन्डाची बोटं. मोठी कामं आली. घोड्यांच्या शर्यती, निवडणुकांच्या रात्री, एक राजघराण्यातलं लग्न. प्रत्येक ठिकाणी तिने शहाण्या बाईसारखं वेळेत लांबचं चित्र घेतलं. पुढे यंत्रं आपली आपण बटणं दाबू लागली आणि तिला केक कापून घरी पाठवण्यात आलं. कॅम्बरवेलचा फ्लॅट, दोन खोल्या. स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवायचा म्हणजे किल्ली फिरवताना आत कुणी आहे असं वाटतं. सोमवारी औषधांच्या दुकानात तोंडातून निघणारा पहिला शब्द खरखरीत येई, कारण शुक्रवारपासून बोलायला कुणी भेटलेलं नसे. एकटेपणाला इलाज नसतो असं नाही, पण त्यासाठी कुणाकडे तरी जावं लागतं, आणि जायला काहीतरी कारण लागतं. तिच्याकडे असं कारण असलेला जगात एकच माणूस होता.

तो तिला दाताच्या डॉक्टरकडे, जुन्या मासिकाच्या एका चौकटीत सापडला. ते सध्या काय करतात. नील फॅरो, कॅटफर्ड स्टेशनच्या पुलाखाली चपला-बुटांची दुरुस्ती आणि किल्ल्या करून देतो, जुन्या विषयावर बोलायला नकार दिला. ती सहा वर्षांपूर्वी गेली ती नुसतं बघून यायला. गेल्यावर माफी मागायची असंही मनात होतं, वाक्य पाठ केलेलं होतं. दुकान म्हणजे भिंतीतली एक फट, आत यंत्र, चामड्याचा आणि चिकटगोंदाचा वास, आणि टक्कल पडत चाललेला एक माणूस ॲप्रन बांधून. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "बोला ताई." वाक्य गेलं. तिने पायातले बूट काढून पुढे केले. तो हसला, खाली यंत्राकडे तोंड करून, आणि मग आतून खोक्याचा एक पुठ्ठा आणून तिच्यापुढे टाकला. "ह्यावर उभ्या राहा. फरशी गार आहे." ती वीस मिनिटं मोजे घालून त्या पुठ्ठ्यावर उभी होती आणि इतक्या दिवसांत आपली कुणी काळजी केली नव्हती असं तिला वाटलं, आणि आपल्याला असं वाटावं ह्याची चीडही आली.

बूट किती झिजणार? ती चालायला लागली, मुद्दाम, मैलोन्मैल, तरी महिना जाई. मग तिने धर्मादाय दुकानांतून झिजलेल्या टाचांचे बूट आणायला सुरुवात केली. आधी आपल्या मापाचे, मग मिळतील ते. रुंद पंजाचे आले तेव्हा त्याने विचारलं, हे तुमचे नाहीत वाटतं, आणि ती म्हणाली, बहिणीचे. तिला बहीण नव्हती. मेअर नावाची बहीण झाली, तिच्यापाठोपाठ मेअरचा नवरा ट्रेव्हर आला, काळे जड बूट वापरणारा, आणि त्यांचा मुलगा, जो पाय ओढत चालतो असं नीलनेच टाचांवरून शोधून काढलं. नीलला टाच दिसली की माणूस दिसायचा. ट्रेव्हर उजव्या गुडघ्याला जपतो, असं त्याने एकदा सांगितलं आणि ट्रेव्हरला गुडघा झाला. सहा वर्षांत त्या गुडघ्याचं ऑपरेशनही होऊन गेलं. नील विचारायचा, "भाऊजी जिना चढतात का आता?" आणि ती बसमधून घरी जाताना खरोखर विचार करायची की त्यांनी खालच्या मजल्यावर बिछाना हलवावा का. बाकीचे परत देऊन टाकले तरी घरच्या कपाटात चाळीस-पन्नास जोड झाले होते, सगळ्यांच्या टाचा कोऱ्या, कुणाच्याच पायांचे नाहीत. तो हसताना नेहमी मान खाली घालायचा, हे तिने पहिल्याच दिवशी टिपलं होतं. तेवढं तिचं होतं. ते बघितल्याशिवाय तिचा गुरुवार पुरा होत नसे. आपण प्रायश्चित्त घेतोय असं ती स्वतःला सांगे, आणि प्रायश्चित्ताला जाताना लिपस्टिक लावी.

कॅटफर्डला ती उतरली तेव्हा मुलीही उतरल्या आणि धक्का देऊन पुढे गेल्या. पुलाखाली नेहमीची कबुतरं, तळलेल्या कोंबडीच्या दुकानातल्या तेलाचा वास. काय सांगायचं ते तिने बसमध्ये तयार केलं होतं. बटण अडकलं होतं. हेडफोनमध्ये खरखर होती, नीट ऐकू आलं नाही. मी सत्तावीस वर्षांची होते. तीन कारणांतलं एक खरं होतं, आणि ते कारण नव्हतं.

"या ताई!" नील म्हणाला. त्याच्या दातांत दोन खिळे होते. ते काढून त्याने हात पुढे केला. "आज कोणाचे?"

"ट्रेव्हरचे," ती म्हणाली. सवयीने तोंडून गेलं.

त्याने पिशवीतून एक बूट काढला, उलटा केला, आणि दिव्याखाली धरला. मग दुसरा. "हे भाऊजींचे नाहीत हो."

"का?"

"भाऊजी बाहेरच्या बाजूने झिजवतात. हा बघा, आतून गेलाय. आणि पावलं कशी टाकतो बघा, धपाधप. हा कोणीतरी भलताच गडी आहे. बदलले असतील कुठेतरी, लग्नाबिग्नाला." तो खाली बघून हसला. "विचारा त्यांना, दुसऱ्याचे बूट घालून कसे काय आले घरी."

एवढी वर्षं ती दुकानादुकानांतून काळे, जड, दहा नंबरचे बूट निवडून आणत होती आणि टाच कुठून झिजली आहे हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. पूर्वी नशिबाने जुळलं असेल, किंवा त्याने दुर्लक्ष केलं असेल. ती चेहरे बघणारी बाई. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"ट्रेव्हर नाहीच," ती म्हणाली.

नीलने बूट खाली ठेवला आणि ॲप्रनला हात पुसले. "अरेरे. गेले? कधी?"

"नव्हतेच कधी. मेअर पण नाही. मी दुकानांतून बूट विकत आणते आणि तुमच्याकडे घेऊन येते."

तो तिच्याकडे बघत राहिला, माणूस बरा आहे ना हे चाचपावं तसा. "बसता का जरा?"

"'बॅकसीट'मध्ये मी कंट्रोल रूममध्ये होते," ती म्हणाली. एका दमात, नाहीतर झालं नसतं. "चेहऱ्याचं बटण मी दाबलं. डायरेक्टर लांबचा घे म्हणून ओरडत होता. मी घेतला नाही. आता त्याचा ओरडण्याचा आवाज नेटवर आलाय, माझ्या नावासकट. तुम्ही दुसऱ्याकडून ऐकण्याआधी..."

"दोन किल्ल्या होतील का?" मागून कुणी बाई म्हणाली. हातात किल्ली, खांद्यावर पेंगुळलेलं पोर.

"होतील ना, बाई," नील म्हणाला. त्याने किल्ली घेतली, खिळ्यावरून कोरी निवडली, यंत्र सुरू केलं. तो कर्कश आवाज त्या फटीत भरून राहिला. पोर जागं होऊन रडायला लागलं. त्याने दोन्ही किल्ल्या घासून, फुंकर मारून, बोटाने धार तपासून दिल्या, अगदी नेहमीच्या वेळात, आणि पोराच्या नाकाला हलकेच चिमटा काढला. बाई गेली. ग्वेन्डा भिंतीला टेकून उभी होती. निघून जायला तेवढा वेळ पुरला असता.

"मी ते पाहिलेलं नाही," नील म्हणाला. "एकदाही नाही. लोकांनी रस्त्यात मला माझंच तोंड करून दाखवलं, त्यावरून साधारण अंदाज आहे."

ती भिंतीपासून पुढे झाली.

"का पण?" त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादं चामडं का फाटलं ते विचारावं तसं. "तो नको म्हणत होता ना?"

तिच्याकडे तीन कारणं तयार होती. "चित्र चांगलं होतं," ती म्हणाली.

"चांगलं म्हणजे?"

"तुम्ही हसायचा प्रयत्न करत होता. सारखं पडत होतं ते, आणि तुम्ही पुन्हा उचलत होता. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला सोडवेना."

त्याने मान हलवली. बराच वेळ तो काउंटरवरचा खिळ्यांचा डबा नीट करत होता, जो नीटच होता. "किती वेळ?"

"अकरा सेकंद."

"आणि इथे?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं आणि कान तापले. "सहा वर्षं."

"माफी मागायला येत होता?"

"पहिल्यांदा."

"मग नंतर?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तिने कधी तयार केलं नव्हतं, कारण तो प्रश्न आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. वर पुलावरून गाडी गेली आणि किल्ल्या खिळ्यांवर किणकिणल्या. अपराधाचं दुखणं केव्हाच थांबलं होतं, पहिल्या वर्षातच कधीतरी, पुठ्ठ्यावर उभी राहून त्याच्याशी पावसापाण्याचं बोलताना. ती ते नावापुरतं जपून ठेवत होती, कारण ते गेलं असतं तर इथे यायचं कारण गेलं असतं. "नंतर मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं," ती म्हणाली. हे बोलणं तिला त्या रात्रीविषयीच्या कबुलीपेक्षाही लाजिरवाणं वाटलं.

"मला वाटायचं, एक बाई येतात," नील म्हणाला. आता तिच्याकडे न बघता. "घरची मंडळी आहेत त्यांची. दोन शब्द बोलावेत. मी घरी जाऊन जॅनिसला सांगायचो भाऊजींच्या गुडघ्याचं. तिने ऑपरेशनच्या वेळी कार्ड आणलं होतं. पत्ता नव्हता म्हणून राहिलं. आजही विचारते ती अधूनमधून." तो थांबला. त्याच्या ओठाची एक बाजू वर गेली, तिथे राहिली नाही, आणि ह्या वेळी त्याने मान खाली घातली नाही. ग्वेन्डाने नजर काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते जमलं, तेही उशिरा. ती फरशीकडे बघत राहिली.

"टीव्हीवरच्या त्या पोराला तेव्हा निदान माहीत होतं, सगळे बघतायत ते," तो म्हणाला.

"हो."

"मला इथे नव्हतं."

"नाही."

 तिने पिशवी घडी घालून खांद्याला अडकवली आणि बुटांसाठी हात पुढे केला. नीलने ते दिले नाहीत. त्याने एक उचलला, कुण्या धपाधप चालणाऱ्या अनोळखी गड्याच्या झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला, आणि मागच्या फळीवर, व्हायच्या कामांच्या रांगेत जोडी नीट लावून ठेवली.

"शनिवारी मी नसतो," तो म्हणाला. "जॅनिस बसते दुकानात. शनिवारी येऊन घेऊन जा."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी नको."

त्याने यंत्र सुरू केलं. ती "बरं" म्हणाली, ते त्याला ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे. बाहेर ऊन पडलं होतं आणि कोंबडीच्या दुकानासमोर शाळा सुटलेल्या पोरांची रांग लागली होती. ती रांग ओलांडून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. जॅनिसला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. ट्रेव्हरचं तिला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, ह्याचा विचार करताना शनिवार परवाच आहे हे तिच्या मनात आलं, आणि बरं वाटलं, आणि ते वाटल्याची तिला भयंकर लाज वाटली.